जुनं सेक्रेटरी डेस्क गोव्यातल्या फ्लॅटमध्ये आणताना: काय तपासावं, काय दुरुस्त करावं, कशाला हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा. सासष्टीतल्या एका जुन्या घरातून निघालेलं सेक्रेटरी डेस्क फोंड्याच्या फ्लॅटसाठी घ्यायचं आहे. वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, मध्ये तिरकी झडप, खाली तीन मोठे ड्रॉवर. विकणारा ‘शिसवी, दीडशे वर्षांचं’ म्हणतो. उघडल्यावर झडप पुढून झुकते, दोन ड्रॉवर अडकतात, पॉलिशवर पांढुरकी छटा आली आहे. घ्यावं का, चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) पॉलिश होईल का, आणि त्यावर लॅपटॉप ठेवून रोज काम करता येईल का?

चवथीचं आधी सांगतो, कारण ते थांबवण्यासारखं आहे. चवथीआधी पॉलिश करू नका. घर सजवायच्या घाईत गोव्यात बरंचसं जुनं लाकूडकाम नेमकं याच दिवसांत पॉलिशला जातं आणि तिथेच बिघडतं. जुन्या फर्निचरवरचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि थराच्या आत अडकते. पांढुरकी छटा येते ती त्यानेच. श्रावण-भाद्रपदात लावलेला नवा थर बहुतेक वेळा असाच दुधाळ होतो, आणि मग ‘लाखेचं पॉलिश गोव्यात टिकत नाही’ असा समज पसरतो. टिकतं. फक्त ते दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत, सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान लावावं. चवथीला झडप पुसून वर समई ठेवायची असेल तर खाली ताट ठेवा म्हणजे झालं. तेलाचा डाग काढणं हे पॉलिशपेक्षा कठीण काम आहे.

आता वयाचं. हाताने कापलेले डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे सांधे, दिसले की लोक लगेच शंभर वर्षं मोजतात. युरोपातल्या फर्निचरला ही खूण बऱ्यापैकी लागू पडते, गोव्यातल्या फर्निचरला नाही. इथले सुतार विसाव्या शतकात कितीतरी उशिरापर्यंत सगळे सांधे हातानेच कापत होते. त्यामुळे कमी-जास्त मापाचे डोव्हटेल म्हणजे ‘मशीनचं नाही’ एवढंच सिद्ध होतं. वय शोधायचं तर तळाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा आणि सांगाड्याच्या आतल्या, पॉलिश न लागलेल्या फळ्यांवर टॉर्च आडवा धरा. सरळ, थोड्या वेड्यावाकड्या समांतर रेषा दिसल्या तर फळी हातकरवतीने चिरलेली आहे. कमानीसारख्या रेषा दिसल्या तर गोल करवतीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. मग बिजागरीचा एक स्क्रू काढा. टोक बोथट आणि डोक्यावरची खाच मध्यभागी नसेल तर तो १८५० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा असू शकतो. टोकदार आणि नेमका असेल तर नंतरचा. चौफुली खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले, ते दिसले तर तो भाग नंतर कुणीतरी उघडलेला आहे. एक स्क्रू पाहून निकाल देऊ नका. सगळ्या बिजागऱ्यांचे पाहा. पाठीला प्लायवूड असेल तर पाठ बदललेली आहे. त्यात वाईट काही नाही, पण किंमत त्या हिशेबाने धरावी.

तुमच्यासारख्या दोन भागांच्या नगात याहून महत्त्वाची तपासणी वेगळी आहे: वरचं कपाट आणि खालचं मेज जन्मापासून एकत्र आहेत का? कपाट दोघांनी उचलून बाजूला ठेवायला लावा. त्याच्या खाली झाकला जाणारा मेजाचा माथा साधा, पॉलिश न केलेला असेल तर ठीक. तिथे छान पॉलिश, व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा पाण्याच्या पेल्यांचे गोल डाग असतील तर ते मेज एके काळी एकटं उभं होतं आणि कपाट नंतर चढवलं आहे. दोन्हींच्या पाठीच्या फळ्यांची जाडी, लाकूड आणि रंगही जुळवून पाहा. समोरच्या बाजूला सगळे मेळ घालतात, पाठीला कुणी घालत नाही.

आणि नवंच लाकूड जुनं म्हणून विकलं जातं, तेही ओळखता यावं. एक प्रकार जुन्या घराच्या वाशांपासून बनवलेल्या मेजांचा. लाकूड खरोखर जुनं, मेज नवं. यात कौलं तोलणाऱ्या खिळ्यांची बुजवलेली भोकं अशा जागी दिसतात जिथे मेजाला खिळ्याचं कामच नसतं. दुसरा प्रकार म्हणजे राजस्थानात मुद्दाम झिजवून आणलेला माल. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते: झडपेच्या वरच्या कडेला, किल्लीच्या भोकाभोवती, ड्रॉवरच्या तळकडांना. सगळीकडे सारखी झीज म्हणजे बनावट. ड्रॉवरच्या आतून आणि खालून रंग किंवा पॉलिश लावलेलं असेल तरी सावध व्हा. जुना कारागीर तिथे पॉलिश वाया घालवत नसे.

शिसवीचं म्हणाल तर गोव्यात दर्शनी भाग शिसवी आणि आतला सांगाडा सागवान, पाठ फणस किंवा किंदळ असा मेळ अगदी नेहमीचा आहे. त्याला फसवणूक समजू नका. शिसवी जड असतं, जांभळट-तपकिरी आणि काळ्या रेषांचं. सागवानावर काळा रंग मारून शिसवी केलेलं असेल तर ड्रॉवरच्या दर्शनी फळीच्या वरच्या कडेला, झिजलेल्या जागी, सोनेरी लाकूड डोकावतं. सतराव्या शतकातले गोव्याचे प्रसिद्ध ‘कोंतादोर’, म्हणजे आबनूस आणि हस्तिदंताच्या एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळांची नक्षी असलेल्या छोट्या खणांच्या पेट्या, ही वेगळीच जात. त्या बाजारात सहज येत नाहीत. कुणी ‘तसलंच आहे’ म्हणून पांढरी जडणघडण दाखवली तर भिंगाने पाहा. हाडावर बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा असतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. हस्तिदंत निघालं तर व्यवहारात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. चांगलं काम डोळ्यांत बसवायचं असेल तर चांदरचं मिनेझिस ब्रागांझा यांचं घर पाहून या. मांडणीसकट जुनं फर्निचर तिथे बघायला मिळतं, आणि तासभर पाहिल्यावर दुकानातला माल वेगळ्या नजरेने दिसू लागतो.

आता मुख्य गोष्ट. सेक्रेटरी डेस्क हे कपाटापेक्षा यंत्राच्या जवळचं आहे. त्यात हलणारे भाग आहेत, त्यांच्यावर वजन येतं, आणि ते एकमेकांवर अवलंबून आहेत. म्हणून विकत घेताना पॉलिश शेवटी पाहावं. आधी झडप, मग ड्रॉवर, मग पाय, मग पाठ.

झडपेपासून सुरुवात करू, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. तिरकी झडप उघडताना तिच्या दोन्ही बाजूंच्या खालून दोन दांडे पुढे ओढायचे असतात आणि झडप त्यांच्यावर विसावते. बिजागऱ्या फक्त झडप जागेवर धरायला असतात, वजन पेलायला नाही. झडप ३० सेंटीमीटर पुढे येते, तिच्या कडेवर माणूस दोन्ही कोपरं टेकतो, तेव्हा पंधरा-वीस किलोचा भार सहज पडतो. दांडे न ओढता, किंवा एकच ओढून, हा भार टाकला की तो सगळा बिजागरीच्या पाऊण इंची स्क्रूंवर जातो आणि ते लाकडासकट उपटून येतात. जुन्या मेजांत बिजागरीजवळ एक तुकडा बसवलेला दिसतो तो बहुधा याच अपघाताचा.

झुकण्याची कारणं चार असतात, आणि कोणतं ते दहा मिनिटांत कळतं. दोन्ही दांडे पूर्ण ओढा, झडप उघडा, आणि दांड्याच्या टोकाशी झडपेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. पट्टी सैल सरकत असेल तर झडप दांड्यावर टेकतच नाही, म्हणजे दांड्याचं टोक झिजलंय. यासाठी टोकाच्या वरच्या बाजूला १ ते ३ मिलिमीटर जाडीची त्याच लाकडाची चकती किंवा जाड चामड्याचा तुकडा सरसाने चिकटवला की पुरतं. पट्टी घट्ट बसते पण दांडाच खाली दबतो, तर तो ज्या खाचेत सरकतो ती खाच रुंद झालीये. दांडा बाहेर काढून त्याच्या वरच्या बाजूला मागच्या निम्म्या लांबीत पातळ पट्टी लावा. तिसरं, बिजागरीचे स्क्रू फिरतच राहतात. भोकात आगपेटीच्या काड्या कोंबायची पद्धत सगळीकडे आहे, पण ती वर्षभर टिकत नाही. भोक ६ किंवा ८ मिलिमीटरचं गोल करून सागवानाची खुंटी सरसाने ठोकावी, एक दिवस सुकू द्यावी, आणि मग नव्याने बारीक भोक पाडून तोच जुना स्क्रू बसवावा. मोठा स्क्रू लावू नका, तो झडपेच्या दर्शनी बाजूने बाहेर येईल. चौथं कारण म्हणजे झडपेची फळीच वाकलेली. लांब पट्टी तिच्यावर उभी धरा. मध्ये उजेड दिसला तर वाक आहे.

वाकलेल्या झडपेला घाईने काहीही करू नये. बंद असताना तिची एक बाजू खोलीच्या हवेत आणि दुसरी बंद खणांच्या कोंडलेल्या हवेत असते, वर बाहेरून जाड पॉलिश आणि आतून काहीच नाही, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गतीने ओल घेतात आणि फळी वाकते. बाजूच्या कडांना आडव्या पट्ट्या असतात त्या हा वाक रोखायला. त्या फळीला पूर्ण लांबीत चिकटवल्या की फळी आकसताना मध्ये चिरते. दुरुस्ती करणाऱ्याने अशी चीर पाहून फेविकॉल भरून क्लॅम्प लावला तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर येते. वाक ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर झडप दोन-तीन महिने दिवसा उघडी ठेवा, मेज भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. बऱ्याच वेळा वाक निम्म्यावर येतो. उरलेल्यासह जगता येतं.

ड्रॉवर अडकतात याचं उत्तर आता कोणता महिना आहे यावर अवलंबून आहे. गोव्यात जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर असते, कोरड्या दिवसांत ६० च्या आसपास येते. त्या फरकाने लाकडातलं पाणी पाच-सहा टक्क्यांनी वरखाली होतं. ४० सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी यात तीन-चार मिलिमीटर फुगते-आकसते. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, फक्त रुंदीत. म्हणजे ड्रॉवरची बाजू उंचीत वाढते आणि चौकटीत घट्ट होते. अशा वेळी मेस्ताने (सुताराने) रंधा मारला तर जुलैत ड्रॉवर मस्त चालेल आणि जानेवारीत खुळखुळेल. काढलेलं लाकूड परत येत नाही. पावसाळ्यात फक्त मेणबत्ती किंवा मधमाशीचं मेण ड्रॉवरच्या तळकडांना आणि आतल्या पट्ट्यांना घासा, आणि आतलं वजन कमी करा.

डिसेंबरमध्येही अडकत असेल तर मात्र खरी बिघाडी आहे, आणि ती बहुतेक वेळा झिजेची असते. ड्रॉवर ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो त्यांत वर्षानुवर्षांच्या ओढण्याने तीन ते पाच मिलिमीटर खोल चर पडतो. ड्रॉवरच्या बाजूंची खालची कडही तेवढीच झिजते, पुढे कमी आणि मागे जास्त. मग ड्रॉवर आत ढकलला की नाक वर करतो आणि दर्शनी फळी वरच्या चौकटीला घासते. लोक घासलेली ती वरची कड तासतात. दोष खाली आहे. उपाय असा: ड्रॉवर उलटा ठेवून झिजलेली कड रंध्याने सरळ रेषेत आणा. जाईल तेवढीच, दोन-तीन मिलिमीटर. मग त्याच जातीच्या लाकडाची, रेषा लांबीत असलेली पट्टी सरसाने चिकटवून मूळ उंचीला आणा. सांगाड्यातली पट्टी स्क्रू-खिळ्यांवर असेल तर सोडवून उलटी करून बसवा, तिची दुसरी बाजू कोरी असते. ड्रॉवरचा तळ खाचेत मोकळा हलला पाहिजे. कुणी तो चारी बाजूंनी चिकटवून ठेवला असेल तर मधोमध फाटलेला दिसेल. चिकट काढून टाका, फळ्या एकमेकींजवळ सरकवा, मागच्या बाजूने राहिलेली फट नव्या पट्टीने भरा.

सरसाबद्दल दोन शब्द, कारण आजकाल तो वापरायला लोक कंटाळतात. दाणेदार सरस दीडपट पाण्यात रात्रभर भिजवावा, मग पाण्यात ठेवलेल्या भांड्यात साठ अंशांपर्यंत तापवावा. उकळू दिला तर त्याची पकड जाते आणि घाण वास सुटतो. लावल्यावर मिनिट-दोन मिनिटांत जोड दाबला पाहिजे, म्हणून आधी कोरडी जोडणी करून क्लॅम्प तयार ठेवावेत. त्याचा खरा फायदा असा की तीस वर्षांनी पुन्हा दुरुस्ती लागली तर गरम ओल्या फडक्याने सांधा उघडतो. फेविकॉलचा सांधा उघडताना लाकूड तुटतं. जमिनीलगतच्या पायांना मात्र, जिथे रोज पोछा लागतो, तिथे सरस नको. ओल आणि बुरशीपुढे तो हरतो. पायांसाठी पाणी न लागणारा चिकट वापरावा.

पाय तपासताना नखाने नव्हे, पातळ स्क्रूड्रायव्हरने मागच्या दोन पायांचा तळ टोचा. पुढचे पाय सगळे पाहतात, मागचे भिंतीच्या ओलीत आणि पोछ्याच्या पाण्यात कुजतात. टोक दोन मिलिमीटरहून जास्त सहज शिरलं तर तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडावा लागेल. घरात आणल्यावर चारही पायांखाली सेंटीमीटरभर जाडीचे सागवानी ठोकळे ठेवा. रबरी चकत्या नको, त्या लादीला आणि पॉलिशला काळा डाग देतात.

पाठ म्हणजे वाळवीचं दार. जुन्या मेजांची पाठ हलक्या लाकडाची असते आणि वाळवी आधी तिथून शिरते, सागवानाच्या गाभ्याला शेवटी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर भिंतीवरून येणारी वाट आधी बंद झाली पाहिजे, नुसत्या फर्निचरवर औषध फवारून भागत नाही. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा असेल तर ते काम भुंग्याच्या किडीचं. ती लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात राहते. किडीचा वावर चालू आहे की जुना, हे ठरवायला भोकांखाली काळा कागद पसरून महिनाभर ठेवा. नवा भुसा पडला नाही तर कीड गेलेली आहे, उगाच विष मारू नका. पडला तर इंजेक्शनच्या सिरिंजने भोकाभोकातून कीडनाशक सोडावं लागेल, आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी पुन्हा एकदा. हे काम पॉलिश करण्याआधी करायचं. लहान ड्रॉवर मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले तरी कीड मरते, आणि विषाचा वास कागदांना लागत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता तुमचं पांढुरकं पॉलिश. आधी ते कोणतं आहे ते ओळखा. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब ठेवा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर लाख. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने मऊ पडतं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नाही ते मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही आजची कडक पॉलिशं, म्हणजे कुणीतरी आधीच ‘नवं’ करून ठेवलंय. लाख निघाली तर आनंदाची गोष्ट. तिच्यावर नवा थर जुन्या थरात मिसळून जातो, खरवडावं लागत नाही.

बाजारातला मेस्त बहुधा सँडर लावून सगळं साफ करून मेलामाइन मारायचं सुचवील. ते दोन दिवसांचं काम आहे, लाखेचं दोन आठवड्यांचं, म्हणून. नम्रपणे नाही म्हणा. सँडरने कडा गोल होतात, कोरीवकाम बोथट होतं, व्हिनियर असेल तर आरपार जातं, आणि शंभर वर्षांत उजेडाने-हातांनी चढलेला रंग परत कुठूनही आणता येत नाही. शिवाय फळ्या हलतात तिथे पीयूचा कडक थर सांध्यापाशी तडकतो आणि त्या तड्यातून पावसाळ्याचं पाणी आत जाऊन पापुद्रे सुटतात. मग पुन्हा सगळं खरवडणं आलं. मेस्ताला कामाआधी एका ड्रॉवरच्या बाजूवर नमुना करून दाखवायला सांगा. ज्याला बोळ्याने लाख लावता येते तो हे आनंदाने करतो.

काम असं चालावं. आधी कडी-कुलूपं काढून प्रत्येकाला चिठ्ठी लावून ठेवा. टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या सुती फडक्याने जुनं मेण आणि काजळी उतरवा. फडकं तपकिरी निघेनासं झालं की थांबा. मग कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. दोन दिवस सुकू द्या. पांढुरकी छटा वरवरची असेल तर स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा तिच्यावरून थांबल्याशिवाय भरभर फिरवला की ती विरते. एका जागी थांबला तर थरच उचलला जातो. नव्या थरांसाठी लिटरभर स्पिरिटमध्ये १८० ते २०० ग्रॅम चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर विरघळवून मलमलीतून गाळून घ्या, आणि लागेल तेवढीच करा. जुनं द्रावण नीट वाळत नाही, चिकटच राहतं. काचेवर एक थेंब ठेवून पाहावा. दुसऱ्या दिवशी नखाचा ठसा उमटला तर ते द्रावण टाकून द्या. तीन-चार पातळ थर पुरेत, आरशासारखी झळाळी नकोच. आठ-दहा दिवसांनी मेण: १०० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि २० ग्रॅम कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं कडक मेण) गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, आच बंद करून भांडं बाहेर न्या आणि मगच ३०० मिलीलिटर टर्पेंटाइन मिसळा. कार्नोबा नसेल तर मेण गोव्याच्या उकाड्यात मऊच राहतं आणि धूळ धरतं. लावायला स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक कण रेषांत अडकून पहिल्याच पावसात गंजतात आणि काळे ठिपके पडतात. अळशीचं तेल चोपडायचा सल्ला कुणी दिला तर तोही टाळा. वर्षागणिक काळवंडतं, आणि तेलाने भिजलेली फडकी गुंडाळून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात.

पितळेवरचा तपकिरी रंग तसाच राहू द्या. हिरवा कळंक असेल तेवढाच लाकडी काडीने खरवडा, मेणाचा हात द्या. जागेवर ठेवून ब्रासो लावला की त्याची पांढरी पूड लाकडाच्या रेषांत कायमची बसते. किल्ली नसेल तर झडप उचकटायची नाही. झडपेखालचा ड्रॉवर काढून वर हात जातो का पाहा, नाहीतर पाठीची एक फळी सोडवा. आतून कुलूप उतरवता येतं आणि कुलपावरून किल्ली बनवून मिळते. शाईचे डाग मी तसेच ठेवीन. लिहिण्याच्या मेजावर ते शोभतात, आणि काढायला ऑक्झॅलिक अॅसिड लावलं तर भोवतीचं पॉलिश पांढरं पडतं.

आत हात घातलाच आहे तर मोजपट्टीही घाला. झडपेमागचे छोटे खण एकेक बाहेर काढून त्यांची लांबी मोजा. बाकीचे २४ सेंटीमीटर आणि एखादाच १८ चा असेल तर त्याच्या मागे सहा सेंटीमीटरचा चोरखण आहे. मधल्या दाराच्या दोन्ही अंगांचे अर्धस्तंभ पुढे ओढून पाहा, ते कागदपत्रांचे उभे खण असतात. हलक्या हाताने. अडकलं तर पावसाळा संपेपर्यंत थांबा.

रोजच्या कामाचं स्पष्ट सांगतो. १३-१४ इंची लॅपटॉप, वही, दिवा, एवढ्यासाठी हे मेज उत्तम आहे. लिहायची उंची साधारण ७५ ते ८० सेंटीमीटर असते. पण झडपेखाली थेट ड्रॉवर असल्याने गुडघ्यांना फक्त झडपेच्या लांबीएवढीच जागा मिळते. तासभर ठीक, आठ तासांची नोकरी त्यावर करू नका, पाठ दुखेल आणि झडपही. खरेदीआधी खुर्ची मागून बसून पाहाच. वायरींसाठी सांगाड्याला भोक पाडू नका. पाठीची एक फळी काढून जपून ठेवा, तिच्या जागी भोक असलेली नवी फळी लावा. चार्जर बंद खणात ठेवू नये, तापतो.

फ्लॅटमध्ये चढवताना कपाट वेगळं, मेज वेगळं, ड्रॉवर सगळे बाहेर. उंची २२० आणि खोली ५० सेंटीमीटर असेल तर अख्खा नग आडवा नेऊन घरात उभा करताना छत निदान २२६ सेंटीमीटर लागतं, आणि जिन्याच्या वळणावर ते गणित सुटत नाही. झडप सुती कापडाने बांधा. चिकटपट्टी लाखेवर लावली की निघताना लाख घेऊन येते. बसवल्यावर कपाट मेजाला आणि भिंतीला स्क्रूने धरलंच पाहिजे. झडप आणि वरचा ड्रॉवर एकदम उघडे असले की तोल पुढे जातो, आणि घरात मूल असेल तर तो धोका पत्करू नये. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीपासून आठ-दहा सेंटीमीटर अंतर ठेवा, पश्चिमेची भिंत शक्यतो टाळाच. एसी रात्रभर चालू आणि दिवसभर बंद, हे लाकडाला सततच्या दमटपणापेक्षा वाईट. पावसात आठवड्यातून दोनदा झडप उघडून पंखा लावा. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा. स्पिरिटने पुसाल तर बुरशीबरोबर पॉलिशही जाईल.

कागदांकडे दुर्लक्ष करू नका. सासष्टीतल्या घराची वाटणी झालेली नसेल तर आतलं सामानही सगळ्या वारसांचं असतं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झाली आहे का विचारा, आणि पावतीवर विकणाऱ्या पती-पत्नी दोघांच्याही सह्या घ्या, कारण गोव्याच्या कायद्यात मालमत्ता बहुधा दोघांची सामायिक असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ खाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुढेमागे पोर्तुगाल-इंग्लंडला जायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या. शंभराच्या आतली असली तरी तसं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि शिसवी असल्यास साइट्सचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागदही, कारण २०१७ पासून शिसवीची सगळी जात त्या यादीत आहे.

तर घ्यावं का? कपाट-मेज जोडीचे असतील, मागचे पाय टणक असतील आणि झुकण्याचं कारण दांडे किंवा स्क्रू निघालं तर घ्या. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी दुरुस्त होण्यातल्या आहेत. पाय कुजलेले आणि कीड चालू असेल तर दुरुस्तीचा अंदाज मेस्ताकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करून बोला. जोडी बनावट निघाली तर नुसत्या खालच्या मेजाचा भाव विचारा. पाहायला जाताना टॉर्च, मोजपट्टी, पातळ स्क्रूड्रायव्हर, कागदाची पट्टी आणि बाटलीत थोडं स्पिरिट बरोबर न्या.